फुटबॉलचे भक्त, त्यांच्या दंतकथा आणि पोलीस

फुटबॉल हा खेळ बावीस जणांचा. परंतु त्याचें वेड हजारोंचें. मैदानावर जें घडतें तें दीड तासांत संपतें. मैदानाभोंवतीं जें घडतें तें मात्र कित्येक पिढ्या सांगितलें जातें. खेळाचे नियम, खेळाडूंचें कौशल्य आणि व्यायामाचे लाभ यांवर शाळांच्या वार्षिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. प्रस्तुत लेखांत आम्ही कडेला उभ्या असणाऱ्या लोकांविषयीं, म्हणजे प्रेक्षकांविषयीं, त्यांच्या तोंडीं असलेल्या दंतकथांविषयीं, आणि परगांवीं सामना पाहावयास गेले असतां त्यांचा पोलिसांशीं जो खटका उडतो त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. विषय वरवर पाहतां करमणुकीचा दिसेल. पण त्यांत माणसांचे प्राण गुंतलेले आहेत, हें वाचकांच्या लवकरच ध्यानांत येईल.

कामठीकरांस हा विषय परका नाहीं. कन्हान नदीच्या कांठीं इ. स. १८२१ मध्यें इंग्रजांनीं लष्करी छावणी वसविली आणि तिच्या आश्रयानें आमचें गांव वाढलें. ‘कॅम्प टी’ या शब्दांवरून कामठी हें नांव पडलें, असें येथें लहानथोर सारेच सांगतात. खरेंखोटें कांहीं असो, गांवाच्या नांवापासूनच आमच्याकडे दंतकथेचा प्रारंभ होतो! हिंदुस्थानांत फुटबॉल पसरला तो मुख्यतः अशा छावण्यांतून. सिमल्यास १८८८ मध्यें ड्युरँड कप व मुंबईस १८९१ मध्यें रोव्हर्स कप या स्पर्धा सुरू झाल्या, त्याही प्रथम पलटणींतील शिपायांसाठींच. तेव्हां छावणीच्या गांवीं हा खेळ रुजला यांत नवल नाहीं. आमचा रब्बानी क्लब नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलमध्यें नांवाजलेला आहे. नागपुरास महत्त्वाचा सामना असला म्हणजे येथील मंडळी पंधरा-सोळा किलोमीटर अंतर तोडून मैदान गांठतात. अशा वेळीं दोन वाक्यें आमच्या कानीं वारंवार पडलीं आहेत. मैदानाच्या दारापाशीं कोणी म्हणतो, “कामठीची मंडळी आली, आतां गोंधळ होणार!” आणि आमच्या मंडळींत कोणी म्हणतो, “येथें आपणांस न्याय मिळावयाचा नाहीं.” सामना सुरू होण्यास अवकाश असतो, अद्यापि कोणी कांहीं केलेलें नसतें, परंतु दोहों बाजूंच्या मनांत एकेक कथा आधींच तयार असते. या कथांचें सामर्थ्य किती, हेंच आपणांस पाहावयाचें आहे.

दंतकथा कशी जन्मते हें समजण्यास १९११ सालच्या कलकत्त्याकडे वळावें लागेल. त्या वर्षीं २९ जुलै रोजीं मोहन बागान या बंगाली संघानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाचा २ विरुद्ध १ गोलांनीं पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. हा मान मिळविणारा तो पहिला हिंदी संघ होय. अकरा खेळाडूंपैकीं दहा जण अनवाणी खेळले; बूट घालून खेळणारे एकटे सुधीर चॅटर्जी हे ख्रिस्ती गृहस्थ होते व पुढें ते रेव्हरंड म्हणून ओळखले जाऊं लागले. सामना पाहण्यास बाहेरगांवाहून लोकांचे लोंढे आले; त्यांच्यासाठीं जादा आगगाड्या व आगबोटी सोडाव्या लागल्या. साठ ते ऐंशी हजारांचा तो जमाव होता असें सांगतात. एवढ्या गर्दींत बहुतेकांस चेंडू दिसणें शक्यच नव्हतें. तेव्हां मागच्या लोकांस गोलांची संख्या कळावी म्हणून पतंग उडविण्यांत आले. ज्यांना खेळ दिसत नव्हता ते आकाशाकडे पाहून खेळ जाणून घेत होते!

याच दिवसाची एक कथा बंगाल्यांत आजतागायत चालत आली आहे. विजयानंतर एका प्रेक्षकानें फोर्ट विल्यम किल्ल्यावरील इंग्रजी निशाणाकडे बोट दाखवून विचारलें, “हें केव्हां खालीं येणार?” त्यावर उत्तर मिळालें कीं, मोहन बागान पुन्हां शील्ड जिंकील तेव्हां. आणि मोहन बागाननें शील्ड पुन्हां जिंकली ती छत्तीस वर्षांनीं, १९४७ सालीं! सांगणाऱ्यागणिक या गोष्टींतील विचारणारा बदलतो, उत्तर देणाराही बदलतो. परंतु कथा तीच राहते. कारण तिच्यांत लोकांनीं आपली आशा सांठविलेली आहे. अशाच हलक्याफुलक्या समजुतीही असतात. ईस्ट बंगालचा संघ जिंकला कीं त्याचे अनुयायी हिलसा मासा घेतात, मोहन बागान जिंकला कीं त्याचे अनुयायी कोळंबी घेतात, आणि त्या दिवशीं बाजारांत त्या त्या जिनसाचा भाव चढतो, असें म्हणतात. कोणी सामन्याच्या दिवशीं तोच जुना सदरा घालतो, तर कोणी घरांतल्या ठरलेल्या कोपऱ्यांतून हलत नाहीं. यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. उलट परक्या माणसांसही एका कुळांतील असल्याप्रमाणें एकत्र बांधण्याचें काम या समजुती करतात.

या साऱ्यांतून एक गोष्ट उघड होते. जेथें डोळ्यांस दिसत नाहीं तेथें कथा शिरते. मागच्या रांगेंतील प्रेक्षकास मैदान दिसत नाहीं, म्हणून तो पुढच्याच्या सांगण्यावर विसंबतो. परंतु हा नियम प्रेक्षकांसच लागू आहे असें नाहीं. दारावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायासही समोरचे पांच हजार लोक एकेक करून दिसत नाहींत. त्यांतील कोण शाळेंतला मुलगा, कोण म्हातारा विणकर, कोण खरोखरीचा दंगेखोर, हें त्यास कळण्यास मार्ग नसतो. मग तोही एका कथेचा आधार घेतो: “हे लोक असेच असतात.” प्रेक्षकांच्या दंतकथा आपण गमतीनें ऐकतों, पोलिसांच्या दंतकथेस मात्र लाठी, कुंपण व अश्रुधूर यांचें बळ असतें, आणि म्हणून ती चुकीची ठरली तर तिची किंमत फार मोठी पडते.

याचें सर्वांत दुःखद उदाहरण इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं, हिल्सबरो येथील मैदानावर घडलें. त्या देशांत प्रेक्षकांविषयीं वाईट समज उत्पन्न होण्यास कारणें नव्हतीं असें आम्ही म्हणत नाहीं. २९ मे १९८५ रोजीं ब्रुसेल्स येथें हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या कांहीं अनुयायांनीं युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चाल केली, पळापळींत भिंत कोसळली व ३९ माणसें प्राणांस मुकलीं. परंतु कांहीं जणांच्या अपराधावरून सर्वांची कथा रचली गेली. मैदानांत कोणी घुसूं नये म्हणून प्रेक्षकांभोंवतीं लोखंडी कुंपणें घातलेलीं होतींच. हेझेलनंतर तर प्रत्येक पाहुणा प्रेक्षक दंगेखोर, ही समजूत अधिकच दृढ झाली.

१५ एप्रिल १९८९ रोजीं लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना पाहण्यासाठीं लिव्हरपूलचे हजारों लोक शेफील्डला आले. दारें अपुरीं पडून बाहेर चेंगराचेंगरी होऊं लागली, तेव्हां पोलीस अधिकाऱ्यानें बाहेर पडण्याचें एक मोठें दार उघडण्याचा हुकूम दिला. आंतील मधले कप्पे आधींच भरलेले होते. तिकडे जाणारा बोगदा मात्र कोणीं बंद केला नाहीं. लोक आंत लोटले गेले आणि पुढचे लोक कुंपणावर चिरडूं लागले. जीव वांचविण्यासाठीं जे कुंपणावर चढले, त्यांना पाहून पोलिसांस प्रथम वाटलें कीं हे मैदानांत घुसून दंगा करणार! डोळ्यांपुढें माणसें मरत असतां मनांतील कथेनें डोळ्यांस झांकून टाकलें. या अपघातांत ९७ जणांचा अंत झाला. त्यांतील शेवटचे गृहस्थ त्या दुखण्यानें २०२१ मध्यें वारले.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढें घडली. प्रेक्षकांनींच दार फोडलें, असें पोलिसांच्या वरिष्ठानें त्याच दिवशीं सांगितलें. तें खोटें होतें. परंतु लोकांच्या मनांत कथा तयारच असल्यामुळें तें पटलें, आणि वर्तमानपत्रांनीं मृतांची व जखमींची नालस्ती केली. न्यायमूर्ति टेलर यांनीं पोलिसांचें नियंत्रण सुटल्याचें त्याच वर्षीं दाखवून दिलें होतें, तरी ती दंतकथा मरेना. २०१२ मध्यें स्वतंत्र चौकशी मंडळानें उघड केलें कीं, पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाला होता व त्यांतील ११६ मधून पोलिसांस प्रतिकूल असा मजकूर गाळला होता. शेवटीं २६ एप्रिल २०१६ रोजीं ज्यूरीनें निर्णय दिला कीं, या लोकांचा मृत्यु बेकायदा मनुष्यवध होता व प्रेक्षकांकडे त्याचा कोणताही दोष नव्हता. मृतांच्या आईबापांस सत्य ऐकण्यासाठीं सत्तावीस वर्षें झगडावें लागलें! कित्येकांनीं तोंवर डोळे मिटले होते.

कोणी म्हणेल कीं, पाहुण्या प्रेक्षकांस मैदानांत येऊंच दिलें नाहीं म्हणजे प्रश्न मिटला. १ ऑक्टोबर २०२२ रोजीं इंडोनेशियांतील मलांग शहरीं हाच उपाय केलेला होता. अरेमा व पर्सेबाया हे हाडवैरी संघ. म्हणून पर्सेबायाच्या अनुयायांस कांजुरुहान मैदानांत प्रवेश नव्हता. घरचा अरेमा संघ २ विरुद्ध ३ गोलांनीं हरला, कांहीं प्रेक्षक मैदानांत उतरले आणि पोलिसांनीं अश्रुधूर सोडला. तो सज्जांत बसलेल्या लोकांवरही सोडला. धूर टाळण्यासाठीं सारे एकदम अरुंद दारांकडे धांवले व १३५ जण मरण पावले. त्यांत मुलेंही होतीं. पेरू देशांत लिमा येथें २४ मे १९६४ रोजीं असेंच घडून ३२८ माणसें गेलीं होतीं. फुटबॉलच्या जागतिक संस्थेच्या नियमांत मैदानावर असा वायु वापरण्यास मनाई आहे, ती उगीच नव्हे. मोकळ्या रस्त्यावर धुरापासून दूर पळतां येतें. चहूंकडून बांधलेल्या जागेंत पळण्यास वाटच नसते.

परंतु न्यायाच्या तराजूचें एकच पारडें पाहून चालणार नाहीं. कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजीं मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या सामन्यांत मैदानावरील बाचाबाचीचें लोण सज्जांत पोंचलें. एकाच सज्जांत दोन्ही पक्षांचे लोक मिसळून बसलेले होते. मारामारी, पळापळ व चेंगराचेंगरी होऊन १६ प्रेक्षक मृत्यु पावले. तेथें कथेनें आंधळे झालेले होते ते प्रेक्षकच. शेजारी बसलेला माणूस त्यांना माणूस दिसेना, शत्रूचा शिपाई दिसूं लागला. त्या मृतांच्या स्मरणार्थ दरवर्षीं १६ ऑगस्टला बंगाल्यांत रक्तदान केलें जातें. प्रायश्चित्ताची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत फुटबॉलच्या भक्तीचें मोठें क्षेत्र म्हणजे कोल्हापूर. कुस्तीच्या तालमींनीं तेथें फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणूनच पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम अशीं त्या संघांचीं नांवें आहेत. पेठेचा अभिमान, तालमीची ईर्षा व घराण्यांचें नातें हें सारें शाहू स्टेडियमवर एकवटतें. मोठ्या सामन्यास हजारों लोक लोटतात. ईर्षेचा अतिरेक झाला म्हणजे दगड व बाटल्या फेंकल्या जातात, पोलिसांस लाठी उगारावी लागते, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ‘हुल्लडबाजी’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत झळकतो. त्या शब्दाखालीं शांतपणें सामना पाहून घरीं गेलेले हजारों लोकही झांकले जातात. तेथील एक गोष्ट मात्र आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. कोल्हापूर पोलिसांचाही फुटबॉल संघ आहे व तो याच पेठांच्या संघांशीं खेळतो. ज्याच्याबरोबर आपण चेंडूसाठीं धांवलों, त्यास केवळ ‘पोलीस’ म्हणणें कठीण जातें. आणि ज्यानें आपणांस पाडून पुन्हां हात देऊन उठविलें, त्यास केवळ ‘हुल्लडबाज’ म्हणणेंही तितकेंच कठीण जातें.

मग यास उपाय काय? युरोपांत एक प्रयोग झालेला आहे. २००४ सालीं पोर्तुगालमध्यें युरोपीय देशांच्या स्पर्धा भरल्या. इंग्रज प्रेक्षकांची अपकीर्ति सर्वश्रुत होती. तरीही जेथें सामने होते त्या मुख्य शहरांत पोलिसांनीं, मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन, ढाली व शिरस्त्राणें धारण केलेल्या तुकड्या आडोशास ठेवल्या, व साध्या गणवेशांतील शिपाई दोन-दोन, चार-चार असे लोकांत मिसळूं दिले. ते पाहुण्यांशीं बोलत, वाट दाखवीत, आणि कोणी मर्यादा सोडली तर त्या एकासच बाजूस घेत. त्या शहरांत इंग्रजांचा म्हणण्यासारखा दंगा झाला नाहीं. ज्या अल्बुफैरा नांवाच्या किनाऱ्यावरील गांवीं दुसऱ्या दलाकडे बंदोबस्त होता, तेथें मात्र चकमकी झाल्या. देश तोच, प्रेक्षकही त्याच राष्ट्राचे, फरक वागणुकीचा. याचें कारण समजण्यास फार विद्वत्ता नको. सर्वांस एकाच काठीनें हांकलें म्हणजे सज्जन व दुर्जन एका बाजूस होतात. एकेकास ओळखून वागविलें म्हणजे सज्जनच दुर्जनास आवरतात.

प्रेक्षकही आपली कथा बदलूं शकतात, हें कलकत्त्यासच अलीकडे दिसून आलें. ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील आर. जी. कर रुग्णालयांत एका तरुण डॉक्टर स्त्रीची निर्घृण हत्या झाली व सारें शहर संतापलें. १८ ऑगस्टला होणारा मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा ड्युरँड कपचा सामना बंदोबस्ताच्या कारणास्तव रद्द करण्यांत आला. तेव्हां दोन्ही संघांचे, आणि त्यांच्या जोडीला मोहमेडन स्पोर्टिंगचेही, अनुयायी एकत्र जमून न्यायाची मागणी करूं लागले. पोलिसांनीं त्यांवर लाठी चालविली. ज्यांच्या पूर्वजांनीं एकमेकांचीं डोकीं फोडलीं होतीं, ते त्या दिवशीं एकमेकांचीं निशाणें खांद्यावर घेऊन उभे होते! शंभर वर्षांच्या वैराची कथा एका खऱ्या दुःखापुढें गळून पडली.

आतां आमच्या विद्यार्थी मित्रांस दोन शब्द. तुम्ही नागपुरास किंवा आणखी कोठें सामना पाहण्यास जाल, तेव्हां आपल्याबरोबर एक जाणता वडील माणूस असूं द्या. कोणत्या दारानें आंत जावयाचें व कोणत्या दारानें बाहेर पडावयाचें, हें आधीं पाहून ठेवा. दारावर गर्दी दाटली तर मागून रेटूं नका. मागचा सहज दिलेला धक्का पुढच्याच्या छातीवर शतगुणित होऊन पडतो. गर्दींत सांपडलांच तर दोन्ही हात छातीपुढें धरून श्वासास जागा ठेवा व वाट मिळेल तसे कडेकडेनें सरका. खालीं पडलेली वस्तु उचलण्यास वांकूं नका. माणूस पडला असेल तर मात्र ओरडून सर्वांस थांबवा व त्यास उठवा. मोबाईलवर कोणी “अमक्यास मारलें, तमक्यास धरलें” असें पाठविलें तर स्वतः पाहिल्यावांचून तें पुढें पाठवूं नका. १९११ चे पतंग लोकांस खरी संख्या सांगत होते, म्हणून ते उपकारक ठरले. खोटी संख्या लिहिलेला पतंग एवढ्या जमावांत काय अनर्थ करता, याची कल्पना करावी.

बंदोबस्त ठेवणाऱ्यांसही आमची विनंति आहे. पाहुण्यांच्या येण्याची वेळ व वाट आधीं विचारून घ्यावी. दारें पुरेशीं ठेवावीं. जें होत आहे तें ध्वनिक्षेपकावरून लोकांस त्यांच्या भाषेंत सांगावें. दरवेळीं शक्य तर तेच शिपाई पाठवावे, म्हणजे तोंडओळख होते. आणि ज्यास मागें हटण्यास जागा नाहीं त्यावर लाठी उगारूं नये. दोष एकाचा असेल तर त्या एकासच धरावें. पोलीस शिपाई हाही कोणाचा तरी मुलगा किंवा बाप असून दिवसभर उन्हांत उभा असतो व ज्या सामन्याकडे त्यास पाठ करून राहावें लागतें तो त्यालाही पाहावासा वाटत असेल, हें आपणही विसरूं नये.

दंतकथा टाकून द्या असें आम्ही सांगत नाहीं. निशाणाची कथा, हिलशाची कथा, आमच्या ‘कॅम्प टी’ची कथा यांवांचून खेळ व गांव दोन्ही निरस होतील. परंतु ज्या कथेनें समोरचा माणूस दिसेनासा होतो ती कथा, मग ती प्रेक्षकाच्या तोंडची असो वा पोलिसाच्या, मैदानाच्या दाराबाहेर ठेवावी. सामन्यास गेलेला प्रत्येक मुलगा संध्याकाळीं सुखरूप घरीं परत यावा. जय-पराजयाचा हिशेब त्यानंतर करण्यास हवा तेवढा वेळ आहे.